रणी पडलेल्यांचे पुण्यस्मरण

महोत्सव म्हणजे केवळ आनंदाचा समारंभ नव्हे. तो हिशेबाचाही दिवस होय. ईश्वराने दिलेल्या कृपादानांची मोजदाद करावी, पूर्वजांचे ऋण आठवावे आणि ज्यांचा आपणांस विसर पडला त्यांची क्षमा मागावी, असा त्याचा खरा अर्थ आहे. ह्या स्मरणिकेत आमच्या धर्मग्रामाची सेवा केलेल्या धर्मगुरूंची, धर्मभगिनींची, शिक्षकांची व कारभाऱ्यांची नावे वाचकांस आढळतील. ती छापणे हे आमचे कर्तव्यच होते. परंतु ती यादी तयार करीत असता एक प्रसंग असा घडला की, तिच्यातील एक मोठी उणीव आमच्या ध्यानी आली.

जुने कागद व छायाचित्रे गोळा करण्याकरिता आम्ही घरोघर जात होतो. एका घरी एका वृद्ध मातेने पाण्याच्या तांब्यावर झाकण म्हणून ठेवलेली काशाची एक जड, वाटोळी चकती उचलून आमच्या हाती दिली. ती सुमारे बारा सेंटिमीटर रुंदीची होती. तिच्यावर एक सिंह, हाती त्रिशूळ घेतलेली एक स्त्री आणि इंग्रजी अक्षरांत एक नाव उठविलेले होते. ती माता म्हणाली, "फादर, आमचा आजा लढाईवर गेला तो परत आला नाही. हा बिल्ला आला." १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात जे कामास आले त्यांच्या वारसांस ब्रिटिश सरकारने अशा चकत्या पाठविल्या होत्या. त्यांवर मृताचे नाव असे, हुद्दा मात्र नसे. कारण मरणाच्या दारी सेनापती आणि शिपाई सारखेच, असा त्यामागे विचार होता.

परत येऊन आम्ही मृतांची नोंदवही उघडली. ते नाव तीत सापडले नाही. सापडावे तरी कसे? त्या वहीत आमच्या दफनभूमीत पुरलेल्यांचीच नोंद होत असते. विवाहाच्या वहीत त्या मनुष्याचा विवाह नोंदलेला आहे. मृत्यू मात्र कोठेच नाही. जो दूर परदेशी पडला, ज्याच्या देहावर कोणी पवित्र पाणी शिंपडले नाही, त्याला आमच्या वहीत पान नाही. हा लेख त्या न लिहिलेल्या पानाविषयी आहे.

युद्धात पडलेल्यांचे स्मरण करण्याची चाल राष्ट्राराष्ट्रांत आज रूढ झालेली आहे. तथापि तिचे मूळ पाहू गेल्यास ते पवित्र शास्त्रातच आढळते. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी ह्या सेनानायकाची कथा आहे. लढाई संपल्यावर तो आपल्या पडलेल्या सैनिकांचे देह उचलण्यास गेला, तेव्हा त्यांच्या अंगरख्याखाली यामनिया येथील मूर्तींचे ताईत सापडले. धर्मशास्त्राने निषिद्ध मानलेली ती वस्तू होती. अन्य एखादा सेनापती म्हणाला असता की, हे अपराधी होत, ह्यांचे नाव काढू नका. यहूदाने तसे केले नाही. त्याने सैन्यास प्रार्थनेला लाविले, वर्गणी जमविली, आणि ग्रीक पाठाप्रमाणे सुमारे दोन हजार रुप्याच्या द्राख्मा यरुशलेमास पाठवून त्या मृतांच्या पापक्षालनार्थ बली अर्पण करविला. मृतांसाठी प्रार्थना करणे योग्य व पुण्यकारक आहे, ह्या आपल्या श्रद्धेचा हा एक प्राचीन आधार होय. आणि तो आधार रणी पडलेल्या शिपायांच्या निमित्ताने मिळालेला आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते. येथे आणखी एक बोध आहे. ते सैनिक निर्दोष होते म्हणून त्यांचे स्मरण झाले नाही. ते आपले होते व मेले होते, म्हणून झाले.

पुढे इ. स. ९९८ च्या सुमारास क्लूनी येथील मठाधिपती संत ओदिलो यांनी आपल्या मठांत २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृत भाविकांच्या स्मरणार्थ लावून दिला, आणि तीच चाल हळूहळू सर्व ख्रिस्तसभेत पसरली. १७४८ साली चौदावे बेनेडिक्ट यांनी स्पेन, पोर्तुगाल व त्यांच्या ताब्यातील मुलुखातील धर्मगुरूंस त्या दिवशी तीन मिस्साबली अर्पण करण्याची मोकळीक दिली. अन्यत्र मात्र धर्मगुरू एकच मिस्सा करीत. ही मोकळीक सर्व जगास केव्हा मिळाली? १० ऑगस्ट १९१५ रोजी. महायुद्धास पुरते एक वर्ष झाले होते. युरोपातील खंदकांत दररोज तरुण मरत होते, आणि त्यांच्यासाठी मिस्सा करावी तरी किती, असा प्रश्न पडला होता. तेव्हा पंधरावे बेनेडिक्ट यांनी फर्मान काढून प्रत्येक धर्मगुरूस २ नोव्हेंबर रोजी तीन मिस्सा करण्याचा अधिकार दिला. त्यांपैकी एक सर्व मृत भाविकांसाठी व एक परमगुरूंच्या हेतूसाठी असावी, असे ठरविले. म्हणजे आमच्या देवमंदिरात दरवर्षी त्या दिवशी ज्या तीन मिस्सा होऊ शकतात, त्यांचा उगम त्या युद्धातील प्रेतांच्या राशीतून झालेला आहे. ह्याच परमगुरूंनी १ ऑगस्ट १९१७ रोजी लढणाऱ्या राष्ट्रांस तहाचे आवाहन केले व त्या संहारास निरर्थक म्हटले. परंतु त्यांचे कोणी ऐकले नाही. युद्धाचा निषेध आणि युद्धात पडलेल्यांविषयी ममता, ह्या दोन्ही गोष्टी एकाच हृदयात कशा नांदू शकतात, हे त्यांच्या चरित्रावरून शिकावे.

आता राष्ट्रांनी काय केले ते पाहू. प्राचीन काळापासून विजयस्तंभ उभारले जात होते. परंतु त्यांवर नाव असे ते राजाचे किंवा सेनापतीचे. सामान्य शिपाई एका मोठ्या खड्ड्यात मातीआड होई, व त्याच्याबरोबर त्याचे नावही. महायुद्धाने ही रीत बदलली. २१ मे १९१७ रोजी ब्रिटिश साम्राज्याने युद्धातील कबरींकरिता एक आयोग स्थापन केला. प्रत्येक मृताचे नाव शिळेवर किंवा स्मारकावर असावे, सर्व शिळा एकसारख्या असाव्यात, आणि हुद्दा, वंश व धर्म ह्यांवरून भेद करू नये, ही तत्त्वे त्या आयोगाने स्वीकारली. देह मात्र मायदेशी आणावयाचे नाहीत, असे ठरले. श्रीमंताने आपला पुत्र आणावा व गरिबाचा तेथेच राहावा, हे अन्यायाचे झाले असते.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता पश्चिम रणभूमीवरील तोफा थांबल्या. तो दिवस संत मार्टिनचा होता, जो स्वतः सैनिक होता व ज्याने आपल्या अंगावरील झगा अर्धा कापून भिकाऱ्यास दिला. पुढल्या वर्षी त्याच दिवशी, त्याच घटकेस, राजे पाचवे जॉर्ज यांच्या इच्छेने साम्राज्यभर दोन मिनिटे स्तब्धता पाळण्यात आली. ही कल्पना दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराची. तेथे युद्ध चालू असतानाच दररोज दुपारच्या तोफेबरोबर सर्व लोक आपापल्या जागी उभे राहत. १९२० च्या ११ नोव्हेंबरास लंडन येथे एका अनामिक योद्ध्याचा देह राजांच्या कबरींशेजारी पुरण्यात आला, आणि त्याच दिवशी पॅरिस येथील विजयकमानीपाशी एका अनामिक फ्रेंच सैनिकाचे शव आणण्यात आले. ज्या मातेस आपल्या पुत्राची कबर ठाऊक नव्हती, तिने ही कबर आपल्याच पुत्राची मानावी, असा त्याचा भाव होता.

ह्या बाबतीत इटली देशात जे घडले ते आम्हांस सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. २८ ऑक्टोबर १९२१ रोजी अक्विलेया येथील प्राचीन महामंदिरात अकरा शवपेट्या मांडल्या होत्या. अकराही देह अनोळखी होते. त्यांतून एक निवडण्याचे काम मारिया बेर्गामास नावाच्या एका मातेवर सोपविण्यात आले. तिचा पुत्र अंतोनियो युद्धात पडला होता व त्याचा देह सापडला नव्हता. ती पेट्यांपुढून चालू लागली. दहाव्या पेटीपाशी तिला पुढे पाऊल टाकवेना, आणि ती पुत्राचे नाव घेत तेथेच कोसळली. तीच पेटी आगगाडीने रोम येथे नेण्यात आली. वाटेत रुळांच्या दोन्ही बाजूंस शेतकरी, बाया, मुले गुडघे टेकून बसली होती. ४ नोव्हेंबर रोजी तो देह राष्ट्राच्या वेदीत ठेवण्यात आला. उरलेले दहा अक्विलेयाच्या दफनभूमीत राहिले, आणि पुढे त्या मातेचा देहही त्यांच्याच शेजारी पुरण्यात आला. वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या पवित्र मातेचे चित्र ज्यांच्या घरी आहे, त्यांस ही कथा अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

फ्रान्समधील वर्दूंनजीक द्वोमों येथे तर ह्याहून पुढचे पाऊल पडले. वर्दूंचे बिशप जिनिस्ती यांनी देशोदेशी फिरून वर्गणी जमविली व रणभूमीवर विखुरलेल्या अस्थींसाठी एक विशाल अस्थिगृह बांधविले. ते १९३२ साली पूर्ण झाले. तेथे सुमारे १,३०,००० अनोळखी सैनिकांच्या अस्थी आहेत. त्यांत फ्रेंच कोणाच्या व जर्मन कोणाच्या, हे सांगता येत नाही, आणि त्या निवडण्याचा यत्नही कोणी करीत नाही. जिवंतपणी ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या ते आता एकाच छताखाली पुनरुत्थानाची वाट पाहत आहेत.

वाचक विचारतील, दूरच्या ह्या गोष्टींशी आमचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. त्या महायुद्धात तेरा लक्षांहून अधिक हिंदी लोक लष्करात होते व सुमारे ७४,००० परत आले नाहीत. त्यांत आमचे मराठे, महार, मुसलमान व ख्रिस्ती बांधव होते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जी सहावी डिव्हिजन गेली तिचे नावच पूना डिव्हिजन असे होते. तिच्यात १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत ही फौज कूत शहरात वेढली गेली. अन्न संपले, घोडे व खेचरे मारून खाण्याची पाळी आली, आणि अखेरीस सुमारे तेरा हजार लोक तुर्कांच्या हाती सापडले. त्यांतील हजारो बंदिवासात, वाळवंटातून चालत असताना किंवा मजुरीच्या छावण्यांत मेले. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे ह्या जिल्ह्यांतील कितीतरी घरांत त्या वर्षी पत्र आले नाही.

फ्रान्समध्ये नव शापेल येथे १९२७ साली जे स्मारक उभारले गेले, त्यावर ठाव न लागलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व मजुरांची नावे एकेक करून कोरलेली आहेत. परंतु १९२९ साली बसरा येथे जे स्मारक झाले, तेथे भेद करण्यात आला. ब्रिटिश शिपायाचे नाव शिळेवर आले. हिंदी अंमलदाराचे आले. परंतु हिंदी शिपायांची पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या घातली गेली. वंशभेद करू नये, हे तत्त्व कागदावर राहिले. दिल्लीच्या इंडिया गेटची पायाभरणी १९२१ साली झाली व ते १९३१ साली खुले झाले. सत्तर हजारांच्या स्मृतीस वाहिलेल्या त्या कमानीवर तेरा हजारांहून थोडी अधिक नावे आहेत. त्याच आयोगाने २०२१ साली स्वतःची चौकशी करून जाहीर कबुली दिली की, हिंदुस्थान, आफ्रिका, इजिप्त इत्यादी देशांतील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत. शंभर वर्षांनी का होईना, त्यांनी क्षमा मागितली. आमची वहीही त्याच दोषास पात्र आहे, हे आम्हांस येथे मान्य केले पाहिजे.

आमच्या महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत चावडीच्या, शाळेच्या किंवा वेशीच्या भिंतीत बसविलेली एक लहान संगमरवरी शिळा आढळते. ह्या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तीवर असतो. आकडा आहे, नाव नाही. गावातील मुले त्या शिळेखाली गोट्या खेळतात. आकड्याचे दुःख कोणास होत नसते. तसेच मुंबईत खलाशांच्या वसतिगृहात एक स्मारक आहे. समुद्र हीच ज्यांची कबर झाली अशा दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची आठवण तेथे ठेविली आहे. किनाऱ्यावरील आमच्या लोकांनी ते एकदा तरी जाऊन पाहावे.

ह्या युद्धाने आमच्या मराठी ख्रिस्तसभेस आणखी एक जखम केली, ती रणांगणाबाहेरची. मुंबई-पुण्याचे मिशन त्या काळी जर्मन येशूसंघीयांकडे होते. ज्यांनी नगर जिल्ह्यातील उन्हातान्हात खेडोपाडी फिरून शाळा काढल्या, दुष्काळात अन्न दिले, ते धर्मगुरू १९१४ नंतर एकाएकी शत्रूचे प्रजाजन ठरले. कित्येकांस नजरकैदेत ठेवण्यात आले व पुढे मायदेशी धाडण्यात आले. आपल्या 'निरोप्या' मासिकाचे संस्थापक फादर हेन्री डोरिंग, ज्यांनी १९०३ साली केंदळ येथे ते सुरू केले व जे पुढे पुण्याचे बिशप झाले, त्यांसही अनेक वर्षे आपल्या धर्मप्रांतात पाऊल ठेवता आले नाही. मधल्या काळात त्यांनी जपानातील हिरोशिमा येथे सेवा केली. १९२७ साली ते पुण्यास परतले. विचार करा, एकाच धर्मग्रामातील मुलगा ब्रिटिश फौजेत लढतो आहे, आणि त्यास शिकविणारा धर्मगुरू त्याच ब्रिटिशांच्या कैदेत आहे! ज्या लोकांनी हे पाहिले, त्यांनी शत्रू ह्या शब्दाचा अर्थ जपून घ्यावा.

दुसऱ्या महायुद्धाची एकच कथा सांगतो. रायगड जिल्ह्यात माणगावनजीक पळसगाव आहे. तेथील नाईक यशवंत घाडगे हा तरुण मराठा पलटणीबरोबर इटलीत गेला. १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला व सोबतचे सर्व पडले. तो एकटाच धावून गेला. हातबाँब टाकून त्याने ती तोफ बंद पाडली, आणि गोळ्या भरण्यास अवसर न मिळाल्याने बंदुकीच्या दस्त्याने अखेरच्या दोघांशी झुंजला. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो तेथेच पडला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर नाही. त्याचे नाव कासिनो येथील स्मारकावर आहे. त्या स्मारकावर ज्या डोंगराची छाया पडते, त्याच्या माथ्यावर संत बेनेडिक्टचा मठ आहे. तो मठही त्याच साली १५ फेब्रुवारीस बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाला होता. आज तो पुन्हा उभा आहे, आणि तेथे नित्य प्रार्थना होते. कोकणातल्या एका हिंदू मातेचा पुत्र त्या प्रार्थनेच्या शेजारी आहे, ह्याचा आम्हांस मोठा दिलासा वाटतो.

कोणी म्हणेल, हे लोक परक्या राज्यासाठी लढले. त्यांचे स्मरण स्वतंत्र भारताने का करावे? प्रश्न रास्त आहे, व त्यास टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी पोटासाठी गेला, कोणी कर्ज फेडण्यासाठी, कोणी सक्तीने, कोणी कुळाच्या परंपरेने. ज्या राज्यासाठी ते मेले त्या राज्याने त्यांचे नावही लिहिले नाही. म्हणूनच ते लिहिण्याचे कर्तव्य आमच्यावर येते. अंगरख्याखाली काय सापडले, हे पाहून यहूदा मक्काबीने पाठ फिरविली नाही. आम्हीही फिरवू नये.

स्वातंत्र्यानंतर आमच्या राष्ट्राने आपल्या रीती सिद्ध केल्या. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो व सैनिकांच्या कुटुंबांसाठी निधी जमविला जातो. १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी, इंडिया गेटखाली अमर जवान ज्योती पेटली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक खुले झाले आणि २०२२ साली ती ज्योत तेथील ज्योतीत मिळविण्यात आली. तेथे स्वातंत्र्यानंतर पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे ग्रॅनाइटच्या शिळांवर एकेक करून कोरलेली आहेत. बसऱ्याला जी चूक झाली ती येथे झाली नाही, ही समाधानाची गोष्ट होय.

तथापि, प्रिय बंधुभगिनींनो, शिळा आणि स्तब्धता ह्यांना एक मर्यादा आहे. शिळा जिवंतांशी बोलते. स्तब्धता जिवंतांचे मन शांत करते. मृतास त्यांतून काय मिळते? राष्ट्र त्यास मान देऊ शकते, क्षमा देऊ शकत नाही. भीतीने, क्रोधाने किंवा हुकमाने रणांगणावर जे घडले असेल, त्याचे ओझे घेऊन जो ईश्वरापुढे उभा राहिला, त्यास फुलांच्या चक्राची नव्हे, प्रार्थनेची गरज आहे. ती आम्ही देऊ शकतो. स्मारकाला जे साधत नाही ते वेदीला साधते. आणि वेदी तर आमच्या गावातच आहे.

यास्तव ह्या महोत्सवाच्या निमित्ताने आम्ही एक नवी वही केली आहे. ती प्रार्थनालयात, पवित्र पाण्याच्या पात्राशेजारी ठेविली जाईल. ज्यांच्या घराण्यातील कोणी लष्करात, आरमारात, गलबतावर, किंवा फौजेबरोबर मजूर, आचारी वा परिचारक म्हणून गेला व परत आला नाही, त्यांनी त्याचे नाव तीत लिहावे. साल ठाऊक नसल्यास सोडावे. गाव ठाऊक नसल्यास सोडावे. नाव मात्र लिहावे. शेजारच्या हिंदू, बौद्ध वा मुसलमान बांधवांनी आपल्या माणसाचे नाव आणून दिले, तर तेही आदराने लिहून घ्यावे. कारण मेले ते एकाच खंदकात. दरवर्षी २ नोव्हेंबरच्या एका मिस्सापूर्वी ही नावे मोठ्याने वाचली जातील. तसेच जे माजी सैनिक व ज्या वीरपत्नी आज आमच्यात आहेत, त्यांच्या घरी वर्षातून एकदा तरी धर्मग्रामाच्या वतीने कोणी जावे, त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांस, आजारास, मुलांच्या शिक्षणास हातभार लावावा. मृतांची आठवण करणारा समाज जिवंतांस विसरला, तर त्याची मेणबत्ती व्यर्थ होय.

वहीच्या पहिल्या पानावर पहिले नाव लिहून झाले आहे. चकतीवरून ते आम्हीच वाचून दाखविले, आणि त्या वृद्ध मातेने थरथरत्या हाताने, मराठी अक्षरांत, आपल्या आजाचे नाव स्वतः लिहिले. चकती तिने परत नेली. आता ती तांब्यावर नाही. पवित्र कुटुंबाच्या चित्राखाली आहे. पुढल्या ओळी अजून कोऱ्या आहेत. त्या भरण्याचे काम, प्रिय वाचकहो, आपले आहे.